आई, हे पत्र तू मोठ्याने वाच

तीर्थरूप आई-बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र तूच वाच, आणि मोठ्याने वाच. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाला लावून वाचायचं नाही. ऑपरेशन होईपर्यंत डोळ्यांना ताण नको, असं डॉक्टर नाही, मी सांगतेय. अक्षर मोठं काढलंय ते तुझ्यासाठी.

फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर आपलं "जेवलीस का" पासून सुरू होतं आणि "ठेव आता, बिल वाढेल"वर संपतं. गेल्या रविवारी तू विचारलंस, "लास व्हेगास म्हणजे तेच ना गं, जुगाराचं?" आणि मागे बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. तो आवाज मला इथवर ऐकू आला. साताऱ्याच्या मावशीने माझे फोटो आधी पाहिले आणि तुम्हाला तिच्याकडून कळलं, ही माझी चूक. मी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण त्या गावाचं नाव तुमच्यासमोर घ्यायची मला भीती वाटली. आपल्या घरात पत्त्यांचा कॅट कधी आला नाही. त्याचं कारण मला कोणी सांगितलं नव्हतं, पण मी सातवीत असतानाच मला ते माहीत झालं होतं.

बाबा, आधी एवढंच ऐका. मी एक पैसाही लावला नाही. मशीनवर नाही, टेबलावर नाही, विमानतळावर सामान यायच्या आधीच मशीनं मांडून ठेवलेली असतात, तिथेही नाही. देवाशपथ.

आता का गेले ते सांगते. आम्ही हॉस्टेलच्या चौघी वीस वर्षांत एकदाही एकत्र आलो नव्हतो. इचलकरंजीची ह्यूस्टनला, मिरजेची टोरांटोला, वाईची न्यू जर्सीला. सगळ्यांना थेट विमान मिळेल आणि रविवार ते गुरुवार खोल्या स्वस्त मिळतील असं गाव शोधता शोधता ते निघालं. तिकिटं फेब्रुवारीत काढली. बाबांच्या डोळ्याची तारीख तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. माझ्याकडे सुट्टीचे चौदा दिवस होते. चार तिकडे गेले, उरलेले दहा दिवस जानेवारीसाठी राखून ठेवलेत. ते चार वाचवले असते तरी इथून कराडला यायला-जायलाच ते संपले असते. हे सगळं खरं आहे. तरीही ऑपरेशनच्या दिवशी मी तिथे नसेन, हेही खरं आहे, आणि रात्री झोप उडते ती त्याच्यामुळे.

खाण्यापिण्याचे हाल झाले नाहीत. हॉटेलच्या खोलीत पाणी गरम करायला काही नसतं म्हणून मिरजेची घरून किटली घेऊन आली होती. मी मेतकूट, भाजणी आणि तुझ्या पद्धतीचा दडपे पोह्यांचा मसाला नेला होता. हवा इतकी कोरडी की पहिल्याच दिवशी ओठ फुटले. रोज रात्री साजूक तूप लावत होते, तू लावायचीस तसंच. पिल्लू इथे मजेत होती. तुमच्या जावयांनी चार दिवस वरण-भात-लिंबू आणि पापड यावर तिला खूश ठेवलं.

आई, त्या एका रस्त्यावर त्यांनी सगळं जग उचलून आणून ठेवलंय. आयफेल टॉवर आहे, अर्ध्या उंचीचा. पिरॅमिड आहे. एका हॉटेलात इमारतीच्या आत कालवा काढलाय, त्यात होडी चालते, नावाडी गातो, आणि वर छताला निळं आभाळ रंगवलंय. तिथे दुपारचे तीन असोत की रात्रीचे अकरा, उजेड संध्याकाळचाच. मला ते दहा मिनिटं फार आवडलं आणि मग एकदम बाहेर पळावंसं वाटलं. चालून चालून पायांचे तुकडे पडले. समोर दिसणारं हॉटेल हाताच्या अंतरावर वाटतं, पण एवढं प्रचंड असतं की पोचायला वीस मिनिटं लागतात, आणि रस्ता ओलांडायला प्रत्येक चौकात पुलावर चढा, उतरा. तुझे गुडघे बघता तुला तिथे नेणार नाही. पण बेलाजिओ नावाच्या हॉटेलातली फुलबाग तुला दाखवायला हवी होती. फुकट आहे, कुणीही आत जावं. ऋतू बदलला की सगळी बाग बदलतात. आम्ही गेलो तेव्हा भोपळे आणि शेवंती. शेवंतीचे ढीगच्या ढीग, पिवळी, तांबूस, जांभळी. मी वास घेत उभी राहिले आणि मला दसऱ्याचं आपलं दार दिसलं.

त्याच हॉटेलसमोर कारंजी आहेत. एक तळं, साधारण साडेआठ एकरांचं, त्यात बाराशेच्या वर तोट्या. संध्याकाळी दर पंधरा मिनिटांनी गाणं लागतं आणि पाणी त्यावर नाचतं. तेही फुकट. बाबा, सगळ्यात उंच धार १४० मीटर जाते. कोयना धरण पायापासून १०३ मीटर ना? म्हणजे धरणाच्या वरून पाणी उडवल्यासारखं. तुम्ही पहिला प्रश्न काय विचारला असता ते मला माहीत आहे: वाळवंटात हे पाणी आणलं कुठून? मी विचारून घेतलं. पूर्वी त्या जागी गोल्फचं मैदान होतं, त्याला पाणी द्यायची जुनी विहीर आहे. तळं त्या विहिरीवर भरतात. गावाला मात्र जवळपास सगळं पाणी कोलोरॅडो नदीचं, धरणातून. घराघरांतलं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा त्याच जलाशयात सोडतात. हे ऐकून मी तिघींना सांगितलं की उद्या आपण धरणावर जायचं. त्या खरेदीला निघाल्या होत्या. पण आल्या.

धरण पाऊण तासावर आहे. हूव्हर धरण. १९३१ मध्ये काम सुरू झालं, १९३६ ला पुरं झालं. उंची २२१ मीटर. म्हणजे आपल्या दुप्पट होऊन वर उरतं. लांबी मात्र ३७९, आणि आपलं ८०७. हे मी तिथल्या तिथे मैत्रिणींना सांगितलं, तुमच्या आवाजात. एवढं काँक्रीट एका दमात ओतलं असतं तर निवायला शंभराच्या वर वर्षं लागली असती, म्हणून त्यांनी ते वेगवेगळ्या चौकोनांत ओतलं आणि प्रत्येकात नळ्या घालून त्यातून गार पाणी फिरवलं. हे दाखवणारा माणूस सांगत होता आणि मला ते आधीच ठाऊक होतं. पाचवीत असताना कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर बसून, वाळूत काडीने रेघा ओढून तुम्ही मला ते शिकवलं होतं. तेव्हा मला भूक लागली होती आणि मी ऐकत नाही म्हणून तुम्ही रागावला होतात. बाबा, मी ऐकत होते.

जलाशयाचं पाणी खूप खाली गेलंय. डोंगराच्या कडेला पांढरा पट्टा उमटलाय, बादलीला क्षार धरतात तसा. पाणी घेण्याचे मनोरे दोन नेवाडाकडे, दोन अॅरिझोनाकडे, आणि त्यांवर दोन घड्याळं. एकावर या राज्याची वेळ, दुसऱ्यावर त्या राज्याची. अॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा दोन्हींत एकच वेळ होती. हिवाळ्यात मात्र धरण ओलांडलं की तास बदलतो. काम करताना ९६ माणसं गेली, त्यांची आठवण तिथे कोरून ठेवलीय. शेजारी पंख उभारलेले दोन पुतळे आहेत. त्यांची पावलं चोळली की चांगलं होतं म्हणतात, आणि लोकांनी चोळून चोळून बोटं सोन्यासारखी चकचकीत केलीत. तुम्हाला असलं काही पटत नाही. तरी मी चोळली, तुमच्या डोळ्यासाठी.

संध्याकाळी परत येताना तो प्रचंड गोल दिसला, ज्याला नुसतं 'स्फिअर' म्हणतात. ११२ मीटर उंच घुमट, बाहेरून सगळा दिव्यांनी मढवलेला. कधी चंद्र होतो, कधी पृथ्वी. आम्ही पुलावर होतो तेव्हा तो डोळा झाला. एवढा मोठा डोळा, बुबुळाच्या रेषान् रेषा दिसत होत्या, आणि तो हळूच मिटला. बाकीच्या फोटो काढत होत्या. मी कठडा धरून उभी राहिले.

आई, इथे जरा थांब. बाबांना चहा कर, तूही घे. मग पुढचं वाच.

तिथे खोलीत जायचं तर लिफ्टपर्यंत कसिनोतूनच जावं लागतं. आत घड्याळ दिसत नाही, खिडकी नाही. शेवटच्या रात्री इचलकरंजीची वीस डॉलर घेऊन रूलेटच्या टेबलावर बसली आणि मी तिच्या मागे उभी राहिले. चक्रावर एक ते छत्तीस आकडे असतात, शिवाय एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. म्हणजे घरं अडतीस. तुमचा आकडा लागला तर पैशाला पस्तीस पट. मधला जो फरक आहे, तो शंभरामागे पाच रुपयांच्या थोडा वर जातो, आणि तो कायम त्यांचा. बाबा, धरणाच्या गॅलरीतून तुम्ही गळती मोजायचात ना, तसंच हे. एका दिवसात काही दिसत नाही.

तिच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, इस्त्रीचा सदरा, बाह्या दोनदा दुमडलेल्या. टेबलावरची मुलगी त्यांना नावाने हाक मारत होती. पाणी आणून देणारीने तब्येत विचारली. ते ताठ बसले होते. हरत होते, पण ताठ बसले होते. मला आपला तात्याकाका दिसला.

बाबा, मी त्याच्यावर फार राग धरला होता, तुमच्यापेक्षाही जास्त. विहिरीकडचा तुकडा गेला तेव्हा आजी जेवायची थांबली होती, ते मी पाहिलंय. मला वाटायचं, हाव. पण त्या रात्री वाटलं की त्याला आपल्याकडे कुणी बस म्हणत नव्हतं, आणि तिथे खुर्ची मिळत होती. त्या कसिनोतसुद्धा भिंतीवर सूचना लावलेली असते, खेळणं आवरत नसेल तर या क्रमांकावर फोन करा, मदत मिळेल. ते आजाराबद्दल लिहितात तसं लिहिलेलं होतं. आपण तात्याला तसं कधी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. तुमचा दोष काढत नाहीये, तुम्ही त्याची दोन कर्जं फेडलीत हे मला आईने सांगितलंय. आजी सांगायची, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरात भिंत पडली तेव्हा तुम्ही त्याला पाठीवर घेऊन बाहेर आलात. तुम्ही सोळा वर्षांचे, तो आठ. मी ते विसरले होते.

तर मी परत आल्यावर त्याला फोन केला. तुम्हाला न विचारता केला. तो बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला, "दादाला चालेल का?" मी म्हटलं, चालेल. बाबा, तुमच्या वतीने बोलले, त्याबद्दल रागवा, पण माझ्यावर, त्याच्यावर नको. त्याला हा नाद सोडून नऊ वर्षं झालीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो येईल आणि चार दिवस राहील. आई एकटीने रिक्षा, फाईल, औषधं, बिल कसं बघणार? शेजारच्यांना किती सांगायचं? मुलगी इथे, तर भाऊ तरी हवा.

आता सूचना. थेंब वेळच्या वेळी, वेळा मोठ्या अक्षरांत फ्रीजवर चिकटव. थेंब टाकण्याआधी हात साबणाने धू. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डोक्यावरून अंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हाच. बाबांनी बादली उचलायची नाही, झाडांना पाणी तात्या घालेल. डोळा चोळायचा नाही, रात्री झोपताना कवच लावायचं. साखरेच्या गोळ्या त्या दिवशी सकाळी घ्यायच्या का, हे डॉक्टरांना आधी विचार, आपल्या मनाने ठरवू नका. फराळ कमी कर आई, या वर्षी नुसत्या करंज्या पुरेत, आणि ओट्याशी स्टूल घेऊन बस. मी दहा जानेवारीला येतेय, तिकीट काढलंय, पिल्लूपण येतेय.

वरच्या खोलीतली गादी दोन दिवस उन्हात टाका. तिथला पंखा आवाज करतो, तो बघून घ्या. तात्याला चहात आलं लागतं.

तुमची,
मनी

ता. क. बाबा, धरणाचे फोटो मुद्दाम पाठवले नाहीत. दोन घड्याळांचा एक छान आलाय. पट्टी निघाली की त्याच दिवशी पाठवीन.