चिऊच्या कानाचा रिपोर्ट

पुणे

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आई रडायला लागली की मला पुढे बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. बाबा, आईला वाचून दाखवा.

चिऊचा रक्ताचा रिपोर्ट आला. वैशालीने ग्रहणात भाजी चिरली म्हणून पोर बहिरी झाली, असं गल्लीत जे चाललंय ते आधी बंद करा. दोष 22व्या गुणसूत्रावरच्या ट्रायोबीपी नावाच्या जनुकात आहे. बहिरेपणाशी त्याचा संबंध 2006 मध्ये कळला.

बाबा, केळीवरून सांगतो. आतल्या कानात ऐकण्याच्या साधारण 15 हजार पेशी असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक तुरे, पायऱ्यांसारखे लहान-मोठे. आवाज आला की ते झुकतात आणि पेशी मेंदूकडे निरोप धाडते. तुऱ्याच्या आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे गच्च बांधलेले असतात, म्हणून तो ताठ राहतो. पण नुसतं ताठ राहून भागत नाही. बुडाशी हेच धागे आणखी आवळून त्यांचं मूळ होतं आणि ते पेशीत खोल रुततं. ते आवळायचं काम ट्रायोबीपीचं.

हा जनुक बिघडवलेल्या उंदरांत तुरे नीट उगवले, पण मूळ धरलं नाही. बुडाशी लुळे राहिले आणि पुढे झडले. त्या वर्षीच्या वादळात आपली केळी गेली ना? घड भरलेले, पानं हिरवीगार, आणि सकाळी सगळा मळा आडवा. चिऊच्या कानात तेच झालंय, फक्त वादळाऐवजी रोजचा आवाज. आणि तिथे टेकू लावता येत नाही. कोंबडीत या पेशी परत येतात म्हणे, माणसात नाही. आपल्या खुराड्यातल्या कोंबड्या नशीबवान.

आता आई, तुझ्यासाठी. या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक चांगली असली तरी ऐकू येतं. माझी एक बिघडलेली, वैशालीची एक, आणि दोन्हींतला बिघाड अगदी सारखा. म्हणजे तो बहुधा आजोबा किंवा आजीकडून तुझ्यात आणि मामात आला, तिथून आम्हा दोघांत. तुला तर ओसरीवरून मागच्या दारची कुजबुज ऐकू येते! तुला कसं कळणार होतं?

मामाच्या मुलीशी लग्न झालं म्हणून हा धोका वाढला, हे खरं आहे, लपवत नाही. पण मीही हो म्हटलं होतं. मामाकडे जाणं तू सोडलंस, ते मला बरं वाटत नाही. दुसऱ्या मुलाचं मात्र लगेच विचारू नका. प्रत्येक वेळी 4 मध्ये 1 इतकी शक्यता आहे. डॉक्टरांशी बोलून आम्ही ठरवू.

चिऊची ऐकण्याची नस चांगली आहे. कॉक्लियर इम्प्लांट या पेशींना वळसा घालून थेट नसेला विजेचा इशारा देतं. मशीन सुरू झाल्या झाल्या ती बोलायला लागणार नाही. आवाज ओळखायलाच महिने जातील, रोज शिकवावं लागेल. त्याची तयारी वैशालीने माझ्याआधी केलीय.

आखाजीला आम्ही येतोय. झोका बांधून ठेवा, कानामागचं यंत्र पडू नये म्हणून वैशाली पट्टी शिवतेय. मामाला मी कळवणार नाही. आई, तो फोन तू कर.

तुमचा,
बाळू