भुर्जीच्या गाडीवरच्या मावशींना अनावृत पत्र

आदरणीय मावशी,
सा. न. वि. वि.

तुमचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण ते लिहू नये असे तुम्हीच बजावले आहे. पण पुण्यातल्या त्या वसतिगृहाच्या कोपऱ्यावर रात्री अंडाभुर्जीची गाडी लावणाऱ्या मावशी कोण, हे तेथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे, आणि त्यांच्यापैकी कोणीतरी हे पत्र तुम्हाला वाचून दाखवील.

त्या रात्री तुमच्या आधी मला वसतिगृहातून फोन आला होता. तुमच्या मुलाने दारू पिऊन संस्थेचे नाव घालवले, त्याला घेऊन जा, एवढेच सांगण्यात आले. तो शुद्धीवर आहे का, असे मी विचारले, तर ‘उद्या कार्यालयात या, मग बोलू’ असे उत्तर मिळाले. मी उदगीरला, हे कामानिमित्त बाहेरगावी, आणि रात्रीतून पुणे गाठण्याचा मार्ग नाही, अशा अवस्थेत तुमचा फोन आला. पहिलेच वाक्य होते, “ताई, पोराचा श्वास चालू हाये, मी जवळच बसलीये.” मग माझा विश्वास बसेना हे ओळखून तुम्ही फोन त्याच्या तोंडाजवळ धरलात. तो जड, घरघरणारा श्वास मी ऐकत राहिले. मध्येच तो थांबल्यासारखा वाटे, तेव्हा “हाय, हाय, चालू हाये” असा तुमचा आवाज येई. रुग्णवाहिका येईपर्यंत तुम्ही फोन तेथून हलवला नाहीत. डॉक्टरांचे ऋण आहेच, पण मला जिवंत ठेवले ते त्या धरून ठेवलेल्या फोनने.

त्याचे मित्र वाईट नव्हेत, घाबरलेले होते. त्यांनी लिंबूपाणी पाजायचा प्रयत्न केला, तोंडावर गार पाणी मारले आणि ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ असे ठरवून त्याला उताणे निजवले. तुम्ही तवा उतरवून त्याला कुशीवर वळवलेत, पाठीशी पोते लावलेत आणि त्यांच्यापैकी एकाला १०८ लावायला सांगितलेत. डॉक्टरांनी नंतर मला समजावले की उताण्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. पिणे थांबले तरी पोटातली दारू रक्तात भिनत राहते, त्यामुळे झोपलेल्याची प्रकृती आणखी बिघडू शकते. रक्तातली साखरही घसरते. आणि लिंबू, कॉफी किंवा गार पाण्याने नशा उतरत नाही, यकृत आपल्याच गतीने काम करते. हे सारे तुम्हाला कोठून ठाऊक, ते मी विचारले नाही. उत्तराचा अंदाज आहे.

माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि व्हिस्की-रमसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, वर परवाना लागतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अल्पवयीन मुलाला दारू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तरीही दुकानदाराने मिसरूड न फुटलेल्या पोराच्या हाती बाटली ठेवताना मान वर करून पाहिले नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पबमधून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा याच शहरात किती संताप उसळला होता! त्या संतापातले थोडे तरी त्या काउंटरपर्यंत पोहोचायला हवे होते.

ज्यांना मुलांवर लक्ष ठेवण्याचा पगार मिळतो त्यांना नियमावली आठवली, आणि ज्यांचा ऐन धंद्याचा वेळ बुडत होता त्यांना मूल दिसले. शिक्षा झाली पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. पण ती शुद्धीवर आल्यानंतरची गोष्ट आहे. बेशुद्ध मित्राला खोलीत लपवून ठेवणारी मुले दारूपेक्षा रेक्टरला अधिक भितात, आणि हे बदलण्याचे काम रेक्टरचे आहे, तुमचे नव्हे.

तो आता बरा आहे. तुमच्यासमोर यायला लाजतो, पण परीक्षा संपताच मी त्याला घेऊन येणार आहे. त्या रात्री तुम्ही त्याला किंवा त्याच्या मित्रांना एका शब्दाने बोलला नाहीत. आता मात्र हवे तेवढे बोला, मी मध्ये पडणार नाही. बुडालेल्या धंद्याचा विषय मी काढीन, तेव्हा तेवढे ‘राहू द्या’ म्हणू नका.

आपली कृतज्ञ,
त्या मुलाची आई