दिव्यांग लेकरांच्या आयांचे खाडे

संपादक साहेब,

सध्या आमच्याकडे कापूस वेचणी सुरू आहे, मजुरी किलोवर मिळते, म्हणजे बाई शेतात गेली नाही तर त्या दिवशी हातात काहीच नाही. ज्या बाईचं लेकरू दिव्यांग आहे तिचे खाडे जास्त पडतात, कधी लेकराला झटका येते, कधी सर्टिफिकेटसाठी यवतमाळची चक्कर, आणि मग टोळीवाली तिला पुढच्या वेळी बोलावतच नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत बाईला 730 दिवस बालसंगोपन रजा आहे, दिव्यांग लेकरासाठी वयाची अट पण नाही. चांगलंच आहे ते, पण मजूर बाईचं काय?

आणि प्रत्येक खाडा लेकरामुळेच असते असंही नाही. वर्षानुवर्षं धड झोप नाही, घरचे म्हणतात तुझ्याच पोटी असं कसं (हे ऐकलं की माझा जीव जळते), मग एखाद्या सकाळी तिचंच मन उठत नाही आणि लोक तिला कामचोर म्हणतात. दवाखान्यात सगळे लेकराची फाईल पाहतात, मायला कोणी विचारत नाही का बाई तू कशी आहेस.

टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारची फोन सेवा, तिचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येते, तो प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्ता लिहिलेला आहे, तो गावातल्या घरापर्यंत आणा. आणि आठवड्यातून एक दिवस तरी थेरपी तालुक्याच्या दवाखान्यात सुरू करा.

- एक आशा सेविका, जि. यवतमाळ