जुन्या विटांना सिमेंट नको, चुनाच हवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला पुण्याच्या पेठांमध्ये, वाई-साताऱ्यात, जुन्या नाशकात घरदुरुस्तीची कामं निघतात. पावसाळ्यात भिंतींना ओल आलेली असते, विटांचे पापुद्रे सुटलेले असतात. ठेकेदार येतो, भिंतीवर हात फिरवतो आणि सांगतो, दरजा (विटांमधले सांधे) सिमेंटने भरू, वर वॉटरप्रूफ प्लास्टर मारू, दहा वर्षं बघायला नको. दोन-तीन वर्षं भिंत खरंच छान दिसते. पुढे काय होतं ते पाहायला ठेकेदार नसतो.

आपल्याकडची जुनी पक्क्या विटांची घरं चुन्यात बांधलेली आहेत. देशात सिमेंटचं नियमित उत्पादन सुरू झालं ते पोरबंदरला, १९१४ मध्ये, आणि साध्या घरांच्या भिंतींत ते पोहोचायला आणखी बराच काळ गेला. त्यामुळे घर शंभरीच्या पुढचं असेल तर विटा जोडणारा मूळ मसाला चुन्याचा किंवा मातीचा धरूनच चालावं. खात्री करायची तर गिलावा सुटलेल्या जागी दरज खिळ्याने उकरून पाहावी. चुन्याचा मसाला भुरभुरत निघतो आणि त्यात ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे, मऊ खडे सापडतात. सिमेंट करडं असतं आणि खिळ्याला दाद देत नाही.

जुनी वीट मऊ असते, पाणी पिते. पावसाचं आणि जमिनीतून चढणारं पाणी चुन्याच्या दरजांतून हळूहळू वाफ होऊन बाहेर पडतं. पाण्याबरोबर आलेले क्षारही दरजेतच साठतात आणि झिजते ती दरज. शंभर वर्षांनी ती पुन्हा भरायची असते, तिचं कामच ते. तिथे सिमेंट भरलं की ती वाट बंद होते. मग पाणी विटेतून बाहेर पडू लागतं, क्षारांचे स्फटिक विटेच्या पृष्ठभागामागे धरतात, फुगतात आणि विटेचं भाजलेलं तोंड पापुद्र्यासारखं उडवून लावतात. त्यात सिमेंटमध्ये स्वतःचेही क्षार असतात, म्हणजे लोणा (भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार) कमी करायला आणलेला मसालाच तो वाढवतो. सिमेंटची चौकटी जाळी पुढे उभी आणि विटा बोटभर आत झिजलेल्या, अशा भिंती कुठल्याही पेठेत दिसतील. दुरुस्तीचा मसाला विटेपेक्षा मऊ असलाच पाहिजे. बाकी सगळे नियम यातूनच निघतात.

काम सुरू करण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधावं. दहापैकी आठ वेळा कारण साधं असतं: फुटलेली पन्हळ, सरकलेली कौलं, मोरीचा गळका पाइप. हल्ली त्यात एकाची भर पडली आहे. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, अंगणात काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक येतात आणि घराचं जोतं जमिनीत बुडतं. पूर्वी जोत्याच्या दगडाशी थांबणारी ओल आता थेट विटेला भिडते. भिंतीलगत फूटभर रुंदीची पट्टी मोकळी करून, जोत्याचा दगड उघडा पाडून तिथे खडी भरली आणि उतार घराबाहेर काढला तर निम्मी ओल तिथेच थांबते. हे न करता दरजा भरणं म्हणजे पैसे वाया.

दरजा उकरायला छिन्नी आणि हलकी हातोडीच हवी. ग्राइंडर आणू देऊ नये. त्याची चकती दहा मिलिमीटरच्या दरजेत सरळ चालत नाही, विटांच्या कडा कापते आणि उभ्या दरजांपाशी वरखालच्या विटेत खाचा पाडते. त्या खाचा परत भरून निघत नाहीत. खोली दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट असावी, साधारण २० ते २५ मिलिमीटर, आणि तळ चौकोनी. वरवर दहा मिलिमीटर खरवडून लिंपलेला मसाला पुढच्या उन्हाळ्यात पट्टीसारखा सुटून येतो. पूर्वीचं सिमेंट विटेला घट्ट धरून बसलं असेल आणि काढताना कडा फुटत असतील, तर तेवढ्यापुरतं ते राहू द्यावं. वीट वाचवणं महत्त्वाचं. मग कोरड्या ब्रशने धूळ झाडावी आणि वरून खाली पाणी मारत यावं. आदल्या संध्याकाळी एकदा आणि भरण्याआधी एकदा. वीट ओलसर हवी, पण अंगावर पाणी चमकता कामा नये.

आता मसाला. चुनकळी (भट्टीत भाजलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात टाकून विरवावी. पाणी चुनकळीवर कधीही ओतू नये. ती उकळून अंगावर उडते आणि डोळे जाऊ शकतात, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच. गाळून घेतलेला चुना पाण्याखाली निदान महिनाभर मुरू द्यावा, तीन महिने मिळाले तर उत्तम. एवढा वेळ नसेल तर दुकानातला ताजा, बंद पोत्यातला हायड्रेटेड चुना चोवीस तास भिजवून वापरता येतो. फुटलेल्या पोत्यातला चुना हवेनेच मेलेला असतो, तो घेऊ नये. पांढरं सिमेंट म्हणजे चुना नव्हे, हे वेगळं सांगावं लागतं, कारण गवंडी बिनदिक्कत तेच कालवतात आणि रंगामुळे मालकाच्या लक्षात येत नाही.

कोरड्या जागी एक भाग मुरलेला चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू. ओलीच्या किंवा पावसाच्या तोंडावरच्या भिंतीला एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटेची पूड), दोन भाग वाळू. सुरखी मध्यम भाजलेल्या विटेची हवी. खंगर, म्हणजे जास्त भाजलेल्या, विटेचा चुरा नुसती वाळू म्हणून राहतो, चुन्याशी त्याची प्रक्रिया होत नाही. वाळू कोनदार आणि लहान-मोठ्या कणांची असावी; खाडीची किंवा समुद्राची वाळू म्हणजे विकत घेतलेला लोणा. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी ढवळून ठेवावं. वर बसलेला गाळ वाळूच्या थराच्या दहाव्या हिश्शाहून जाड असेल तर वाळू धुऊन घ्यावी. मसाल्यात पाणी घालायचा मोह टाळावा. चुना मळायच्या घाणीत किंवा घमेल्यात कुटून, मळूनच तो मऊ होतो, आणि पाणी जितकं जास्त तितक्या भेगा जास्त. गूळ-हिरड्याचं पाणी घालण्याची रीत चांगली आहे, पण गूळ अती झाला तर मसाला धरायला फार वेळ घेतो. न मुरलेल्या चुन्याची भरपाई त्याने होत नाही. आणि 'थोडं सिमेंट टाकू, लवकर धरेल' याला ठाम नकार द्यावा.

इंग्रजी मापाच्या विटांच्या भिंतीला, दरज दहा मिलिमीटर आणि खोली २० ते २५ मिलिमीटर धरली, तर शंभर चौरस फुटांना नासधूस धरून ४० ते ४५ लिटर मसाला लागतो. त्यासाठी साधारण तितकीच वाळू आणि १४-१५ लिटर चुना घ्यावा, कारण चुना वाळूच्या पोकळीतच बसतो, आकारमान वाढवत नाही. वाड्यांच्या पातळ विटांना दरजा जास्त, म्हणून मसालाही दीडपटीहून अधिक.

भरताना दरजेच्या रुंदीची अरुंद पट्टी वापरून मसाला मागपर्यंत दाबावा. खोली २५ मिलिमीटरच्या वर असेल तर दोन थर. पहिल्यावर अंगठा उमटेनासा झाला की दुसरा. दरज विटेच्या तोंडाबरोबर किंवा किंचित आत ठेवावी. विटेवर पसरवून पुढे काढलेली टीप (मसाल्याची उठावदार पट्टी) दिसायला रेखीव, पण तिच्या वरच्या कडेवर पाणी थांबतं. मसाला थोडा आवळला की ताठ केसांच्या ब्रशने ठोकून घ्यावा. त्याने केसासारख्या भेगा मिटतात आणि पृष्ठभाग खुला राहतो. नंतर गोणपाट टांगून सात ते दहा दिवस ते ओलं ठेवावं. ऊन-वारा लागून चुना धरण्याआधीच वाळला तर तो आयुष्यभर भुरभुरतो, आणि मग लोक म्हणतात चुन्यात दम नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर पक्का होतो. म्हणून काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान उरकावं. मे महिन्यात भरलेली दरज पावसाने धुऊन नेली तर दोष चुन्याचा नाही.

वीट बदलायची असेल तर आधी माप घ्यावं. आजची मानक वीट १९० × ९० × ९० मिलिमीटरची, तर इंग्रजी काळातली नऊ × साडेचार × तीन इंचांची. त्यामुळे नवी वीट जुन्या थरात बसत नाही, ठोकून बसवली तर थर तुटतो. पाडकामातल्या विटा घ्याव्यात. आतल्या भिंतीची कमी भाजलेली वीट बाहेर लावली तर दोन पावसाळ्यांत ती विरघळते. तेव्हा दोन विटा एकमेकींवर वाजवून खणखणीत आवाज येईल तीच निवडावी. सगळ्याच झिजलेल्या विटा बदलू नयेत. तोंड बोटभर आत गेलं असलं तरी वीट भार घेत असते. एका वेळी एकमेकींशेजारच्या दोन-तीन विटांपेक्षा जास्त काढू नयेत.

वाड्यांच्या वरच्या मजल्यांवर कच्च्या, न भाजलेल्या विटाही असतात. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात पुण्यातले कित्येक वाडे त्यामुळेच बसले. अशा भिंतीला मातीचाच मसाला आणि वर चुन्याचा हात. तिच्यावर सिमेंट तर सोडाच, घट्ट चुनाही टिकत नाही.

पिंपळाचं रोप ओढून उपटू नये, मुळासकट विटा येतात. खोड कापून परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडून मूळ मारून घ्यावं, वाळल्यावर काढावं आणि पोकळी चुन्याच्या पातळ मसाल्याने खालून वर भरत न्यावी. तिरकी, पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी भेग असेल किंवा भिंतीला पोट आलं असेल तर ते गवंड्याचं काम नाही. भेगेवर तारीख घालून काचेची पट्टी चिकटवावी, ओळंबा लावून माप लिहून ठेवावं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं. भेग अजून वाढत असताना ती बुजवली तर ती शेजारून फुटते. विटा 'नव्या' दिसाव्यात म्हणून सँडब्लास्टिंग, ऑइलपेंट, सिलिकॉनचा थर यांपैकी काहीच करू नये. पहिल्याने विटेचं भाजलेलं तोंड जातं, उरलेल्या दोघांनी ओल आत कोंडते.

गवंड्यांना चुना येत नाही ही तक्रार खरी आहे, पण मागणीच नसेल तर त्यांनी तो शिकावा कशासाठी? म्हणून अंदाजपत्रक मागताना 'पॉइंटिंग (म्हणजे दरजा भरणं), प्रति चौरस फूट' एवढ्यावर सही करू नये. उकरण्याची खोली, ग्राइंडरला मनाई, चुना-वाळूचं प्रमाण, चुना किती दिवस मुरलेला, ओलं ठेवण्याचे दिवस हे सगळं त्यात लिहून घ्यावं. दर्शनी भिंतीच्या कोपऱ्यात एक चौरस मीटरचा नमुना आधी करून घ्यावा आणि पंधरा दिवसांनी तो खिळ्याने तपासूनच पुढची रक्कम द्यावी. घर महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर परवानगीच्या अर्जालाही हेच अंदाजपत्रक जोडता येतं.

आपला,
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करणारा एक वाचक,
पुणे