मागावरही उपासना होते

महोदय,

ख्रिस्ती मंडळ्यांत ‘प्रभूची सेवा’ म्हटले की प्रवचन, गायन, फार तर दवाखाना नि शाळा एवढेच डोळ्यांपुढे येते. सोमवार ते शनिवारच्या पोटापाण्याच्या कामाला त्यात जागा नसते. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, तसे म्हणत नाही. प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहुट्या करीत होता. जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे कलस्सैकरांस पत्रातले वचन (3:23) त्याने दासांना लिहिले, पाळकांना नव्हे. निर्गम या पुस्तकाच्या 35व्या अध्यायात तर देव ज्यांना कौशल्य देतो त्यांत विणकरही आहेत. चादरी-टॉवेलच्या सोलापुरात या अध्यायावर प्रवचने किती होतात?

कारखान्याच्या भिंतीवर वचनाची पाटी लावली म्हणजे देवाचा मान राखला असे होत नाही; तो कामातच राखायचा असतो. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की माग थांबवायचा, धागा फणीतून परत ओवायचा, गाठ मारायची आणि गाठीची शेपटी आखूड कापायची. शेपटी लांब राहिली तर ती शेजारच्या धाग्यात अडकते आणि तोही तुटतो. माग तसाच रेटला तर कापडात विरळ उभी रेघ पडते आणि धागा जोडीपर्यंत लांबत जाते.

पण इथे एकट्या कारागिराकडे बोट दाखवणे सोपे आहे. मजुरी नगावर असली की माग थांबला, पैसा थांबला. धागे सारखे तुटतात ते बहुधा कच्च्या सुतामुळे किंवा कांजी नीट न बसल्यामुळे. आणि सूत काही कारागीर आणत नाही. स्वस्त सूत घालून थांबलेल्या मागाचा भुर्दंड मजुराच्या माथी मारणाऱ्या ख्रिस्ती मालकाने आधी याकोबाचे पत्र 5:4 वाचावे: अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असे तिथे म्हटले आहे. मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्या, ही बायबलातल्या अनुवाद या पुस्तकातली (24:15) आज्ञा तर आणखी रोखठोक आहे.

पिशवीत लहान-मोठी दोन वजने ठेवू नयेत, हेही अनुवादातच आहे. टॉवेलच्या धंद्यात ही दोन वजने जीएसएमच्या, म्हणजे एक चौरस मीटर कापडाच्या ग्रॅममधल्या वजनाच्या, आकड्यात लपतात. 75 बाय 150 सेंटीमीटरचा टॉवेल 400 जीएसएम म्हणून विकला, तर तो 450 ग्रॅम भरला पाहिजे. गोल कटरने काढलेला 100 चौरस सेंटीमीटरचा तुकडा 4 ग्रॅम भरावा. कापूस हवेतला ओलावा धरतो, त्यात जादा कांजी वा सॉफ्टनर ठेवला की काटा फुगतो आणि पहिल्या धुण्यात खरे वजन उघडे पडते. शंका असेल तर अख्खा टॉवेल धुऊन, नीट वाळवून तोलावा. धुतल्यावर तुकडा कापून तोलू नये. कापड आटलेले असते, त्यामुळे जीएसएम उलट जास्तच दिसतो.

रंगाईतही हेच. रिअॅक्टिव्ह रंग दिल्यावर सुटा रंग काढायला जवळजवळ उकळत्या साबणाच्या पाण्यात धुलाई आणि नंतर पुन्हा पुन्हा खळबळणे लागते. पाण्याची नि कोळशाची बचत म्हणून हा टप्पा आटोपता घेतला की लाल काठ गिऱ्हाइकाच्या घरी पांढऱ्यावर उतरतो. पाण्याची टंचाई खरी आहे, पण मग पाणी पुरेल तेवढाच माल रंगवावा. ओले पांढरे फडके काठावर घासले की लगेच कळते.

निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या, कामाच्या सूचना संपताच निर्गमात शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा येते. देवाच्या स्वतःच्या मंडपाचे कामही त्या दिवशी बंद! ऑर्डर निकडीची आहे म्हणून मजुराला रविवारी बोलावून स्वतः उपासनेला जाणाऱ्यांना हा क्रम ठाऊक असायला हवा.

पाळकांना एक सुचवावेसे वाटते. घरभेटीला गेल्यावर प्रार्थनेआधी पाच मिनिटे कामाची चौकशी करावी: नगाला दर काय, पगार कोणत्या वारी होतो, बाद मालाचे पैसे कोणाचे कापतात, प्रॉव्हिडंट फंड भरला जातो का. आणि मालकाच्या घरी गेल्यावरही हेच प्रश्न विचारावेत.

— एक वाचक, सोलापूर