हिऱ्याला वीज कुठली?

सन्माननीय संपादक,

लग्नसराई लागल्यापासून आपल्या दैनिकात प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांच्या जाहिराती पानपानभर येत आहेत. खाण नाही, रक्तपात नाही, प्रदूषण नाही, असा त्यांचा एकंदर सूर. पहिल्या दोन गोष्टी मान्य. तिसरी मात्र परळीच्या माणसाला सांगू नये. मी इथल्या औष्णिक वीज केंद्रातून, आमच्या भाषेत थर्मलमधून, निवृत्त झालेला कर्मचारी आहे.

हा हिरा खोटा नसतो, हे आधी सांगतो, कारण आमच्याकडे अजूनही लोक त्याला अमेरिकन डायमंडच्या पंगतीत बसवतात. तोही कार्बनच. हिऱ्याच्या पातळ चकतीवर बंद यंत्रात मिथेन आणि हायड्रोजन सोडतात, मायक्रोवेव्हने त्यांचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, करतात, आणि आठशे-नऊशे अंशांच्या उष्णतेत कार्बन थरावर थर चढत जातो. सुरतेत मुख्यतः हीच पद्धत चालते. खडा वाढायला काही आठवडे लागतात आणि तोवर यंत्र थांबवून चालत नाही. मध्येच वीज गेली की वाढ बिघडते. छतावर सौर पट्ट्या बसवल्या तरी रात्रपाळीला वीज ग्रिडचीच घ्यावी लागणार. आणि देशाच्या ग्रिडमध्ये आजही सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची आहे.

कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो, जवळपास किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि आपल्या कोळशातला तिसरा हिस्सा तरी राख होऊन उरतो. त्या राखेचे काय होते ते परळीच्या बायकांना विचारा, वाळत घातलेले धुणे त्यांना पुन्हा झटकावे लागते. शिवाय युनिटमागे तीनेक लिटर पाणी. २०१५ च्या दुष्काळात पाणीच नाही म्हणून आमचे संच बंद ठेवावे लागले होते. परळीचीच वीज सुरतेला जाते असे मी म्हणत नाही; पण कोळसा कुठेही जाळा, हिशोब हाच.

खाणवाल्यांची वकिली करायला मी बसलेलो नाही. हिरा रक्तपाताच्या पैशाचा नाही हे सांगणारा किंबर्ली प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय दाखला २००३ पासून आहे, पण त्यातली रक्तपाताच्या हिऱ्याची व्याख्या बंडखोरांनी विकलेल्या हिऱ्यांपुरती. २००८ साली झिम्बाब्वेत मारांगेच्या खाणींवर सरकारी फौजेनेच माणसे मारली, ती त्या व्याख्येत बसलीच नाहीत. उलट बाजूला बोत्सवाना आहे, जिथल्या शाळा-दवाखाने हिऱ्याच्या पैशावर उभे राहिले. तेव्हा एका बाजूला पाप आणि दुसऱ्या बाजूला पुण्य, अशी वाटणी करता येत नाही.

पुतणीच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला अंबाजोगाईच्या एका पेढीवर गेलो होतो. हा खडा कुठल्या विजेवर वाढला, असे विचारले तर दुकानदार हसला. “काका, असं कोणी विचारत नाही.” मग मोडीचे विचारले. सोन्याचे पैसे वजनाप्रमाणे, घट धरून. खड्याचे काही नाही. हे त्याने सरळ सांगितले, पण विचारल्यावर. पुतणीने अंगठी घेतली, तिला आवडली, माझी हरकत नव्हती. खाणीतल्या हिऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडली आणि तिने ती हौसेने घेतली. पण आपल्याकडे दागिना नुसत्या हौसेचा नसतो. मृगाच्या तोंडावर बी-खतासाठी तो गहाण पडतो, दवाखान्यासाठी मोडावा लागतो. डी बिअर्ससारख्या खाणीतल्या हिऱ्यांच्या बड्या कंपनीने २०१८ मध्ये वेगळा ब्रँड काढून कॅरेटला ८०० डॉलरने हे प्रयोगशाळेतले हिरे विकायला काढले आणि भाव कोसळल्यावर २०२५ मध्ये तो ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. भाव इतके घसरलेल्या वस्तूला बचत समजून कोणी कर्ज काढू नये.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फसव्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा, असे त्यात आहे. मराठवाड्यातल्या सराफ संघटनांनी एवढे तरी करावे: ‘पर्यावरणपूरक’ लिहायचे असेल तर हिरा घडवणाऱ्या कारखान्याच्या विजेचा दाखला मागवून दुकानात लावावा, आणि मोडीच्या वेळी खड्याचे किती मिळतील, शून्य असेल तर शून्य, ते पावतीवर मराठीत लिहून द्यावे.

आपला,
एक निवृत्त वीज कर्मचारी,
परळी वैजनाथ, जि. बीड