टायच्या तीन गाठी

कोल्हापूर

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू परवा पाठवलेला फोटो आईने आणि मी दोनदा मोठा करून पाहिला. कोट खांद्यावर नेमका बसला आहे, बाह्यांची लांबीही योग्य आहे. टायचे टोक मात्र पट्ट्याच्या बकलाच्या चार बोटे वर थांबले आहे, आणि गाठ इतकी मोठी झाली आहे की कॉलरची दोन्ही टोके तिने वर उचलून धरली आहेत. ती विंडसर गाठ आहे हे मी पाहताक्षणी ओळखले. व्हिडिओ पाहून तू ती एका संध्याकाळी शिकलास याचे मला कौतुक वाटते, परंतु तुझ्या उंचीला आणि त्या अरुंद कॉलरला ती गाठ चालणारी नाही. नोकरीच्या पहिल्या दिवसाला अजून आठ दिवस आहेत, म्हणून फोनवर घाईने सांगण्याऐवजी सविस्तर लिहितो.

औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून मी एकतीस वर्षे रोज टाय बांधला, तरीही तुला तो बांधायला शिकवायचे माझ्याकडून राहून गेले, याची खंत मनात आहे. शाळेत तुला इलॅस्टिकचा तयार टाय होता. दहावीच्या निरोप समारंभाला खरा टाय हवा होता तेव्हा मी पहाटेच माझ्या गळ्यात गाठ बांधली, सैल करून तुझ्या डोक्यातून घातली आणि गडहिंग्लजच्या दौऱ्यावर निघून गेलो. ती गाठ तू पुढे कॉलेजातही तशीच वापरलीस. नेमकी हीच चूक मी उमेदवारीच्या पहिल्या वर्षी केली होती.

प्रशिक्षणासाठी मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो होतो. तेथे एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माझ्या पाठीमागे उभे राहून, माझ्या खांद्यांवरून दोन्ही हात पुढे आणून मला पहिली गाठ बांधून दिली. समोर उभे राहून शिकवले तर डावे-उजवे उलटे होते, पाठीमागून शिकवले तर शिकवणाऱ्याचे हात आणि आपले हात एकाच बाजूने चालतात. मी ती गाठ कोल्हापूरला परतल्यावरही सोडली नाही. संध्याकाळी सैल करायची, सकाळी डोक्यातून घालून आवळायची, असे कित्येक महिने चालले. पावसाळ्यात गगनबावड्याच्या रस्त्यावर मोटारसायकलवर मी पुरता भिजलो आणि गाठ फुगून दगडासारखी घट्ट झाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती सोडवण्यासाठी मी नखे लावून झगडत होतो आणि आत माझे नाव पुकारले जात होते. पुढे गाठ सुटली तेव्हा आतल्या कापडावर पांढरट, चकाकणारी घडी पडली होती. ती शेवटपर्यंत गेली नाही.

त्या रात्री मला आबांची आठवण झाली. तुझ्या आजोबांचा फेटा तू फोटोतच पाहिला आहेस. रोज सकाळी सोप्यात उभे राहून ते तो नव्याने बांधत. माझी थोरली बहीण दुसरे टोक धरून अंगणापर्यंत मागे जाई, कापड ताणून पीळ बसवला जाई आणि आबा एकेक फेर डोक्यावर घेत पुढे सरकत. कालचा बांधलेला फेटा टोपीसारखा उचलून डोक्यावर ठेवलेला मी त्यांना कधी पाहिला नाही. रात्री फेटा सोडून, घडी करून फडताळात ठेवला जाई. आता लग्नसराईत शिवलेले तयार फेटे मिळतात, त्यांना मी नावे ठेवत नाही, पण रोज बांधलेल्या कापडाला जो जिवंतपणा असतो तो त्यांत येत नाही. टायचेही तसेच आहे.

त्यामागे कापडाचे कारण आहे. चांगला टाय सरळ धाग्यात कापत नाहीत, तिरपा, पंचेचाळीस अंशांत कापतात, ज्याला आपले शिंपी उरेब म्हणतात. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांनी तिरप्या कापडाचे तीन तुकडे जोडून टाय शिवण्याची पद्धत रूढ केली. उरेब कापड ताणले जाते आणि पुन्हा मूळ लांबीवर येते, म्हणूनच दिवसभर गाठीत राहिलेला टाय रात्री सोडून ठेवला की सकाळपर्यंत त्याच्या घड्या बहुतेक निघून जातात. रुंद टोक उलटून आत पाहा. शिवणीच्या शेवटी दोऱ्याचा एक सैल फासा लोंबत असेल, तो उरलेला दोरा समजून कापू नकोस. टाय ताणला जातो तेव्हा शिवण त्या सैल दोऱ्यावर सरकते आणि तुटत नाही. नवीन टाय घेताना अरुंद टोक धरून तो मोकळा लोंबू द्यावा. तो स्वतःभोवती पिळत गेला तर कापताना तिरपेपणा चुकला आहे असे समजावे आणि तो टाय घेऊ नये.

आता गाठी. केंब्रिजच्या थॉमस फिंक आणि योंग माओ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ साली गणित मांडून दाखवले की तीन ते नऊ चालींत टायच्या ८५ गाठी बांधता येतात. एवढ्या गाठींची गरज कोणाला पडत नाही. तू तीन शीक, आणि त्यांतही पहिली इतकी शीक की अंधारात बांधता आली पाहिजे.

ती पहिली गाठ म्हणजे फोर-इन-हँड. रुंद टोक उजव्या हाताला आणि अरुंद टोकापेक्षा दीड वीत खाली ठेव. रुंद टोक अरुंदावरून डावीकडे ने, मागून उजवीकडे आण, पुन्हा पुढून डावीकडे ने, मग गळ्याच्या फासाखालून वर काढ आणि समोर तयार झालेल्या पट्टीतून खाली ओढ. एवढ्या चार वळणांत गाठ होते. ती लांबट आणि किंचित एका बाजूला कललेली दिसते, आणि हा कल तिचा दोष नव्हे, तो दुरुस्त करायला जाऊ नये. आवळण्यापूर्वी गाठीखाली तर्जनीने कापड आत दाबून दोन्ही कडा अंगठा आणि मधल्या बोटाने चिमटीत धर, मग अरुंद टोक धरून गाठ हळूहळू वर सरकव. मध्ये एक उभी खळी पडते. ती खळी नीट पडली की साधा टायही उठून दिसतो, म्हणून त्यासाठी अर्धा मिनिट खर्च करायला मी कधी मागेपुढे पाहिले नाही.

दुसरी हाफ-विंडसर. यात सहा वळणे आहेत. रुंद टोक वरून डावीकडे, मागून उजवीकडे, मग समोरून वर नेऊन गळ्याच्या फासात आत घालून डावीकडे काढायचे, पुढून उजवीकडे न्यायचे, फासाखालून वर आणि पट्टीतून खाली. ही गाठ अधिक भरीव आणि बरीचशी समतोल बसते. पातळ पॉलिएस्टरच्या टायला हीच बांधावी, कारण त्यात फोर-इन-हँड फार बारीक दिसते.

तिसरी प्रॅट, जी १९८९ साली अमेरिकेतील वृत्तनिवेदक डॉन शेल्बी यांच्या गळ्यात दिसल्यामुळे गाजली. ती टाय उलटा, म्हणजे शिवण बाहेर ठेवून सुरू करतात. तिला पाच वळणे लागतात, कापड कमी लागते आणि गाठ सरळ बसते. तू सहा फूट उंच आहेस आणि बहुतेक टाय दीडशे सेंटिमीटरच्या आसपास असतात, त्यामुळे तुला तिचा उपयोग होईल. विंडसरला आठ वळणे लागतात, म्हणजे तेवढे कापड गळ्याशीच अडकते आणि टोक पोटावर येऊन थांबते. फोटोत तेच झाले आहे. मोठी गाठ म्हणजे मोठा अधिकार अशी समजूत अनेक कार्यालयांत असते, पण ज्या ड्यूक ऑफ विंडसर (राजपद सोडलेले ब्रिटनचे राजे आठवे एडवर्ड) यांच्या नावाने ती ओळखली जाते, ते स्वतः जाड अस्तराचे टाय शिवून घेत आणि साधी फोर-इन-हँडच बांधत. लोकांनी त्या जाड गाठीची नक्कल करण्यासाठी ही आठ वळणांची गाठ रूढ केली. रुंद पसरलेली कॉलर, जाड मान आणि लांब टाय या तिन्ही गोष्टी असतील तरच ती बांधावी. तुझ्याकडे त्यांपैकी एकही नाही.

गळा आवळतो अशी तक्रार तू केलीस, ती टायची नसून शर्टाची आहे. औपचारिक शर्टावर ३९, ४०, ४२ असे आकडे असतात, ते बहुधा कॉलरचा घेर सेंटिमीटरमध्ये सांगतात. वरची गुंडी लावून आत एक बोट सहज गेले पाहिजे. मेच्या उन्हात इचलकरंजीच्या रस्त्यावर मीही गुंडी उघडी ठेवून गाठ खाली ओढत असे, पण एक नंबर मोठी कॉलर घेतल्यापासून ती सवय सुटली. दुचाकीवरून जाताना टाय शर्टाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गुंडीमधून आत घालावा.

सराव आधी आरशासमोर करू नकोस, बसून मांडीभोवती टाय गुंडाळून कर, म्हणजे हात काय करतात ते डोळ्यांना सरळ दिसेल. सोडताना ज्या क्रमाने बांधला त्याच्या उलट क्रमाने सोडावा, अरुंद टोक ओढून काढू नये. मग अरुंद टोकापासून सैल गुंडाळी करून रात्रभर ठेवावा, आणि त्यावर थेट गरम इस्त्री फिरवू नये.

माझा मरून रंगाचा रेशमी टाय आजच कुरिअरने पाठवला आहे. तो गुंडाळी करून डब्यात ठेवला आहे आणि त्यात गाठ नाही. सोमवारी सकाळी तो बांधून झाल्यावर खोलीतल्या मित्राला तुझ्या पाठीमागे उभे राहायला सांग. मानेमागे कॉलर टायवरून नीट खाली आली आहे ना, आणि टायची पट्टी तिच्याखालून डोकावत नाही ना, एवढे त्याने पाहावे. ते आरशात दिसत नाही.

तुझे
बाबा